फ्रेंच कुटुंबातले शेवटचे सहा आठवडे: लियाँहून निघण्याआधी काय, कधी आणि कसं करायचं

सप्टेंबरात लियाँला उतरलेल्या विद्यार्थ्याचं फ्रेंच साधारण नोव्हेंबरात कुठे मोकळं व्हायला लागतं. जेवणाच्या टेबलावर चार-पाच जण एकदम बोलत असले तरी कोण काय म्हणालं ते कळतं, विनोदावर वेळेत हसू येतं, आजी भरभर बोलल्या तरी घाबरायला होत नाही. आणि नेमकी तेव्हाच निघायची तारीख दिसायला लागते. पुढचे आठवडे बहुतेकांचे परीक्षा, कागदपत्रं आणि ‘आलोच आहोत तर प्राग, बार्सिलोना उरकून घेऊ’ म्हणून काढलेल्या सहली यांत संपतात. ज्या घरात आपण राहिलो त्या घराच्या वाट्याला बॅगा भरतानाची घाई तेवढी येते.

हा क्रम उलटा असावा, असं माझं ठाम मत आहे. कागदांची कामं लवकर संपवा, सहली कमी करा आणि शेवटच्या संध्याकाळी घरी जेवायला थांबा. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून एका सत्रासाठी जाणाऱ्या आणि कुटुंबात राहणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं लियाँची आणि डिसेंबरात संपणाऱ्या सत्राची आहेत, पण थोड्याफार फरकाने फ्रान्समधल्या कुठल्याही गावात चालतील.

सहा आठवडे आधी: तारखा

पहिल्यांदा पासपोर्ट उघडून व्हिसाची शेवटची तारीख बघा. परतीचं तिकीट त्याआधीचं हवं, आणि मध्ये दोन-चार दिवस मोकळे असलेले बरे, कारण डिसेंबरात रेल्वेचा संप किंवा दाट धुकं अगदीच अनपेक्षित नसतं. दीर्घ मुदतीच्या फ्रेंच व्हिसावर इतर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, पण तो व्हिसा चालू असेपर्यंतच. तो संपल्यावर ‘जाता जाता चार दिवस इटली’ असं करता येत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडसाठी वेगळे व्हिसा लागतात, म्हणजे तो विचार या टप्प्यावर सोडूनच द्या.

तारीख ठरली की त्याच दिवशी घरच्यांना सांगा. हे महत्त्वाचं अशासाठी, की डिसेंबरात फ्रेंच घरांचा कार्यक्रम फार आधी ठरतो. 24 च्या रात्रीचं मोठं जेवण कुणाकडे, 25 ला दुपारी कोण येणार, आजी-आजोबा कुठल्या खोलीत झोपणार, हे नोव्हेंबरातच बोललं जातं. तुमची खोली त्यांना पाहुण्यांसाठी हवी असू शकते आणि ते संकोचाने बोलत नसतील. सरळ विचारा: मी नाताळात इथे असले तर तुमची अडचण होईल का? आपल्याकडे असा थेट प्रश्न जरा परका वाटतो. तिथे तो समजूतदारपणाचा मानला जातो. त्यांनी राहा म्हटलं तर नक्की राहा. मात्र झाडाखाली प्रत्येकाच्या नावाने एक छोटी भेट ठेवायची तयारी करा, कारण तुमच्या नावाचीही तिथे असणार आहे.

खोली विद्यापीठाच्या किंवा कार्यक्रमाच्या संस्थेमार्फत मिळाली असेल तर करारात शेवटची तारीख आणि ‘देपो द गारांती’ म्हणजे अनामत कशी परत मिळणार ते वाचून ठेवा. सामानासकट खोली तुम्ही थेट भाड्याने घेतली असेल, तर साधारणपणे एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते. पोचपावतीसह रजिस्टर्ड पत्राने, किंवा हातात देऊन प्रतीवर सही घेऊन. घरच्यांशी कितीही जवळीक असली तरी सही घ्या. त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही. त्या देशात कागदाला मान आहे.

पाच आठवडे आधी: विद्यापीठ

नाताळच्या सुमारास विद्यापीठाची कार्यालयं दोन आठवडे बंद असतात. त्यामुळे ‘शेवटच्या आठवड्यात बघू’ म्हणून चालत नाही. 10 डिसेंबरपर्यंत पुढची कामं झालेली असावीत.

सत्रपरीक्षा, म्हणजे ‘पार्तिएल’, कुठे डिसेंबरात तर कुठे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असतात. वेळापत्रक आणि तिकीट एकमेकांवर येत असतील तर आंतरराष्ट्रीय विभागाला आत्ता लिहा. काही प्राध्यापक परदेशी विद्यार्थ्यांची परीक्षा आधी किंवा तोंडी घेतात, पण विनंती वेळेवर गेली तरच. नापास विषयाची दुसरी फेरी कधी असते आणि तुम्ही भारतात असताना ती कशी देता येईल, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

गुण 20 पैकी असतात. 10 ला पास, 12 ला बरा, 14 ला चांगला, 16 ला उत्तम असे शेरे आहेत, आणि 16 च्या वर क्वचित कुणी जातं. आपल्या महाविद्यालयात कुणी 14 चे सरळ 70 टक्के करून टाकले तर तुमचं नुकसान होतं. म्हणून गुणपत्रिकेबरोबर, म्हणजे ‘रलव्हे द नोत’बरोबर, गुणपद्धती समजावणारं पान मागून घ्या. पूर्ण सत्राचे 30 युरोपीय श्रेयांक असतात, तेही त्यात दिसायला हवेत. गुणपत्रिका परीक्षक मंडळाच्या बैठकीनंतर तयार होते, म्हणजे तुम्ही निघून गेल्यावर. ती थेट तुमच्या भारतातल्या समन्वयकांच्या ईमेलवर जाईल अशी व्यवस्था करा आणि तो ईमेल कार्यालयात लिहून द्या. विद्यार्थी पोर्टल किती दिवस चालू राहील ते विचारा. सगळे अभ्यासक्रम आणि विषयांची वर्णनं आधीच उतरवून ठेवा. श्रेयांक जुळवताना तीच मागतात.

उपस्थितीचं प्रमाणपत्र सहीशिक्क्याचं घ्या. ग्रंथालयाची पुस्तकं परत करून ‘कितूस’, म्हणजे काही येणं बाकी नसल्याचा दाखला, लागतो का ते विचारा. एक पुस्तक राहिलं म्हणून गुणपत्रिका अडकते.

चार आठवडे आधी: काय कधी बंद करायचं

इथे क्रम चुकला की पैसे अडकतात. घरभाड्याची मदत ‘काफ’ या सरकारी कुटुंबकल्याण संस्थेकडून घेत असाल तर घर सोडण्याची तारीख त्यांना ऑनलाइन कळवा. जास्तीची रक्कम आली तर ते नंतर परत मागतात. ट्रामचा पास, जिम, पूरक आरोग्यविमा यांचे करार बघा. जून 2023 पासून फ्रान्समध्ये ऑनलाइन करता येणारा करार ऑनलाइनच रद्द करता यावा असा नियम आहे, त्यामुळे संकेतस्थळावर ‘रेझिलिये’ असं बटण शोधा. घरविमा मात्र खोली सोडायच्या दिवसापर्यंत चालू राहू द्या.

मोबाईल अगदी शेवटी. बँकेचे, काफचे, विद्यापीठाचे सगळे संकेतांक (ओटीपी) त्याच क्रमांकावर येतात.

आणि बँक खातं सगळ्यात शेवटी, तेही भारतात पोचल्यावर. अनामत परत यायची असते, विम्याचे उरलेले पैसे यायचे असतात, आणि फ्रेंच घरमालकाला युरोपीय खात्यात पैसे टाकणं सोपं. भारतात पाठवायचे म्हटले की शुल्क आणि फॉर्म आले. सगळं जमा झालं की उरलेली रक्कम स्वतःच्या भारतातल्या खात्यावर वळवा आणि खातं बंद करायचं पत्र पाठवा. फ्रान्समध्ये खातं बंद करायला शुल्क लागत नाही. त्यासाठी दोन गोष्टी निघण्याआधी करा: बँकेत तुमचा भारतातला पत्ता नोंदवा, आणि भारतीय क्रमांकावर संकेतांक येतील का ते तिथल्या माणसाशी समोर बसून ठरवा.

8 डिसेंबरची संध्याकाळ मोकळी ठेवा

लियाँमध्ये असाल तर ही तारीख कुठल्याही सहलीपेक्षा मोलाची आहे. 1852 साली फूर्व्हिएरच्या टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचं अनावरण सप्टेंबरात व्हायचं होतं. सोन नदीला पूर आला आणि समारंभ 8 डिसेंबरवर गेला. त्या दिवशीही वादळ आलं, रोषणाई रद्द होणार असं वाटत होतं, आणि संध्याकाळी आभाळ निवळल्यावर लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले. तेव्हापासून दर वर्षी लावतात. आता त्याच सुमारास शहरभर प्रकाशाचे मोठे खेळ होतात आणि लाखो लोक येतात, पण मूळ गोष्ट घरातली आहे: रंगीत, कंगोऱ्याच्या काचेच्या छोट्या पेल्यांत मेणबत्त्या, खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने. आपल्या घरी दिवाळीत पणत्या लावतात तशाच.

घरच्यांना दोन दिवस आधी म्हणा, यंदा दिवे मी लावू का? ज्या घरांनी मधल्या वर्षांत कंटाळा केलेला असतो तीसुद्धा यानिमित्ताने माळ्यावरून काचा काढतात. नोव्हेंबराच्या आसपास तुमची दिवाळी तिथे होऊन गेली असेल आणि तुम्ही ती एकट्याने खोलीत केली असेल, तर त्याबद्दल सांगायला ही संध्याकाळ चांगली आहे. गर्दी बघायला जायचं असेल तर घरी दिवे लावून झाल्यावर आणि जमल्यास चालत जा. याच दिवसांत दुकानांतून ‘पापियोत’ दिसतात: झालरीच्या चमकदार कागदातलं चॉकलेट, आत छोटासा संदेश. ते लियाँचंच आहे आणि भारतात न्यायला सोपं आहे.

तीन आठवडे आधी: तुमच्या हातच्या जेवणाची तयारी

निरोपाचं जेवण तुम्ही करा, आणि शेवटच्या रात्री करू नका. शेवटच्या रात्री तुमचं लक्ष बॅगेत असतं. दहा-बारा दिवस आधीचा शनिवार धरा. आठवड्याच्या दिवशी जेवण साडेसात-आठला लवकर उरकतात, शनिवारी सगळे निवांत बसतात. तारीख घरच्यांना विचारून ठरवा, स्वयंपाकघर किती वाजल्यापासून मिळेल ते विचारा, आणि कुणाला काय चालत नाही तेही.

सामान मिळतं. बारीक रवा म्हणजे ‘समूल फीन’. बेसन म्हणजे ‘फारीन द प्वा शिश’, सेंद्रिय मालाच्या दुकानात हमखास. मसूर डाळ ‘लांतिय कोराय’ नावाने कुठल्याही सुपरमार्केटात असते. लोणकढं तूप लोणी कढवून घरीच होतं आणि फ्रेंच लोणी त्याला फार सुरेख लागतं. हिंग, कढीपत्ता, कोकम यांसाठी गियोतिएर भागातल्या आशियाई दुकानांत फेरी मारा.

बेत साधा ठेवा. बटाट्याची पिवळी भाजी, वरण-भात, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि श्रीखंड. श्रीखंडासाठी तुम्ही योग्य गावात आहात. ‘फैसेल’ म्हणून छिद्रांच्या डब्यात जे ताजं, आंबटसर ‘फ्रोमाज ब्लां’ मिळतं ते स्वच्छ फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा. सकाळी सुरेख चक्का होतो. वर साखर, वेलची, केशर. याच फ्रोमाज ब्लांमध्ये लियाँचे लोक लसूण आणि हिरव्या पाती घालून आपला ‘सेर्व्हेल द कानू’ करतात, त्यामुळे एकाच वस्तूचे दोन पदार्थ शेजारी ठेवले तर टेबलावर गप्पांना विषय पुरतो. यजमानीणबाईंना म्हणा, तुमचा तुम्ही करा, माझा मी करते.

काही गोष्टी सांभाळा. फ्रान्समध्ये 2015 पासून प्रत्येक घरात धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं आहे. जिरं-मोहरीची फोडणी आणि पुऱ्यांचं तळण यांना खिडकी उघडी आणि शेगडीवरचा पंखा चालू हवा, बाहेर कितीही थंडी असली तरी. इंडक्शनवर ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, लोखंडी चालतं. तिखट निम्म्याहून कमी घाला आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळा ठेवा, ज्याला हवा तो घेईल.

वाढण्याची पद्धत मात्र आपली ठेवा. तिथे पदार्थ एकामागून एक येतात. तुम्ही एकाच वेळी सगळं ताटात कसं वाढतात ते दाखवा. मीठ, लिंबू, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मध्ये भाताची मूद. हाताने जेवणं कुणावर लादू नका. मुलं आपणहून सुरुवात करतात. आणि जेवण संपल्यावर चीजची थाळी फिरली तर हसून घ्या. त्याशिवाय त्यांना जेवण पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

भेटवस्तू आणि पत्र

फुलं द्यायची असतील तर शेवंती अजिबात नको. आपल्याकडे ती देवाला आणि गजऱ्याला. फ्रान्समध्ये 1 नोव्हेंबरला ती कबरींवर ठेवतात, आणि डिसेंबरातही तोच अर्थ मनात राहतो. फुलवाल्याला सांगा की निरोपाची भेट आहे, तो बरोबर देईल.

भारतातून येतानाच आणलेली एखादी वस्तू शेवटासाठी राखून ठेवली असेल तर उत्तम: पैठणीच्या काठाचा टेबलावर घालायचा पट्टा, वारलीचं छोटं चित्र, तांब्याचा लोटा. भेट दिली की ते तुमच्यासमोरच उघडतात. आपल्यासारखं बाजूला ठेवत नाहीत. न उघडणं उलट थंडपणाचं वाटतं. तुम्हाला मिळालेलं पाकीटही तिथल्या तिथे उघडा आणि दोन वाक्यं बोला.

पण भेटीपेक्षा पत्र मोठं. फ्रेंच माणूस हाताने लिहिलेल्या पत्राला अजूनही फार किंमत देतो. एक पान पुरे. व्याकरण कुणाकडून तरी तपासून घ्या, पण वाक्यं तुमची राहू द्या. ‘सगळ्याबद्दल आभार’ असं मोघम लिहू नका. ज्या दिवशी ताप आला तेव्हा कुणी सूप आणून दिलं, कुणी बँकेच्या फोनवर तुमच्या वतीने बोललं, धाकट्या मुलाने कुठला शब्द दहा वेळा सुधारला, हे लिहा. घरात मुलं असतील तर त्यांना वेगळी चिठ्ठी. पत्र टेबलावर ठेवून जाऊ नका, आदल्या दिवशी हातात द्या, म्हणजे बोलायला वेळ राहतो.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. बरीच कुटुंबं वर्षानुवर्षं विद्यार्थी ठेवतात. तुम्ही जाल आणि जानेवारीत तुमच्या खोलीत दुसरं कुणी येईल. चादरी बदलण्याची, कपाट रिकामं करण्याची चर्चा तुमच्यासमोर अगदी सहज होईल. त्याने दुखावून जाऊ नका. व्यवहार मोकळेपणी बोलणं आणि माया असणं या दोन गोष्टी त्यांच्याकडे एकाच घरात सुखाने नांदतात. माया बघायची असेल तर निघायच्या आठवड्यात तुमच्या आवडीचा केक किती वेळा होतो ते बघा.

शेवटचा आठवडा: खोली आणि सामान

आधी सामान कमी करा. विमानाला बहुधा 23 किलोची मर्यादा असते. घरातल्या वजनकाट्यावर बॅग आत्ता ठेवून बघा. चांगले पण नको असलेले कपडे, भांडी ‘एमाउस’ला द्या. 1949 साली आबे पिएर यांनी सुरू केलेली ही चळवळ जुन्या वस्तू विकून गरजूंना काम आणि आसरा देते. पुस्तकं चौकातल्या पुस्तकपेटीत ठेवता येतात. उरलेली औषधं कचऱ्यात नको, कुठल्याही औषधाच्या दुकानात परत घेतात. दिजाँची मोहरी किंवा जॅम नेणार असाल तर ते मोठ्या बॅगेत. हातातल्या बॅगेत त्याला द्रव पदार्थ धरून काढून घेतील. चीज तिथेच पोटभर खाऊन या.

खोलीचं म्हणाल तर आलात त्या दिवशीचे फोटो काढा आणि ताडून बघा. न्हाणीघरातल्या काचेवर, नळावर बसलेला पांढरा थर पांढऱ्या व्हिनेगरने जातो. काही मोडलं असेल तर लपवू नका, आधी सांगा आणि भरून देण्याची तयारी दाखवा. कागदोपत्री भाडेकरू असाल तर खोलीच्या स्थितीचा शेवटचा ‘एता दे लियो’ दोघांच्या सह्यांनी होतो. सगळं आधीसारखं असेल तर अनामत एका महिन्यात परत मिळायला हवी, फरक असेल तर दोन महिन्यांत. किल्ली पत्रपेटीत टाकून जाऊ नका. हातात द्या आणि चिठ्ठीवर सही घ्या. तिथल्या काही किल्ल्यांची नक्कल कार्डाशिवाय होत नाही आणि हरवली तर खर्च मोठा येतो.

निघायचा दिवस

मुंबईचं विमान पॅरिसहून असेल तर लियाँच्या पार-द्यू स्थानकाहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या स्थानकापर्यंत थेट वेगवान गाडी आहे, साधारण दोन तासांची. बॅगांवर नाव लिहिलेली चिठ्ठी लावणं रेल्वेत सक्तीचं आहे. संपाची बातमी काही दिवस आधी येते, ती बघत राहा आणि विमानाच्या किमान पाच तास आधी पोचवणारी गाडी धरा. लियाँच्याच विमानतळावरून निघत असाल तर पार-द्यूहून रोनएक्सप्रेस ही ट्राम अर्ध्या तासात पोचवते. घरचे स्थानकावर सोडायला येतो म्हणाले तर ‘कशाला त्रास’ म्हणून नाकारू नका. ते मनापासून म्हणत असतात.

आजी-आजोबा घरात असतील आणि वाकून नमस्कार करावासा वाटला तर करा. हे काय आणि का करतो ते आधी एका वाक्यात सांगा, नाहीतर त्यांना वाटेल काही खाली पडलं. बाकीच्यांना गालाला गाल लावून, लियाँच्या रीतीने दोनदा.

घरी पोचल्यावर

पोचल्याचा निरोप त्याच दिवशी द्या, तुमच्या आईवडिलांकडूनही दोन ओळी गेल्या तर फार चांगलं. परदेशातल्या कुणा आईने आपल्या मुलीला सांभाळलं हे त्यांनी म्हणणं वेगळं असतं. मग जानेवारीत, 31 तारखेच्या आत, नव्या वर्षाच्या शुभेच्छांचं कार्ड टपालाने पाठवा. फ्रान्समध्ये महिनाभर ही कार्डं येत-जात असतात, तुमचं नाही आलं तर लक्षात येतं. टपालाला वेळ लागतो म्हणून पहिल्या आठवड्यातच टाका.

फोनसाठी रविवार बरा. तिथे दुपारचं मोठं जेवण होऊन सगळे बसलेले असतात तेव्हा तीन वाजलेले असतात आणि आपल्याकडे साडेसात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, की हेच अंतर साडेतीन तासांचं होतं. गुणपत्रिका आली का, अनामत जमा झाली का, तुमच्या नावाची काही पत्रं त्यांच्याकडे आली का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. तिन्ही मार्गी लागलं की बँकेला खातं बंद करण्याचं पत्र पाठवा.